तुळशीखालच्या घुशी

भाद्रपद सरत आला होता. सकाळी माझी पत्नी नित्याप्रमाणे मागच्या अंगणात तुळशीला प्रदक्षिणा घालीत होती आणि मी न्हाणीच्या पायरीवर धोतर पिळीत उभा होतो. एकाएकी "अय्यो!" असा तिचा आवाज आला. वळून पाहतो तो तिचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत भूमीत गेलेला, आणि ती वृंदावनाचा काठ धरून कशीबशी तोल सावरीत असलेली. वरून माती अखंड दिसत होती. आत मात्र सगळी पोकळी होती.

हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. पण घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि मला बाजूला घेऊन सांगितले की हाडे फार ठिसूळ झाली आहेत. पुन्हा पडल्या तर उठणे कठीण. मी ते बेंगळुरूला मुलाला फोनवर कळवले. त्याने तिकडून निकालच दिला. "आईनं मागच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. तुळस कुंडीत लावा, गॅलरीत ठेवा, काय हवं ते करा. पण ते अंगण बंद."

पत्नी पलंगावरून सारे ऐकत होती. मी फोन ठेवताच म्हणाली, "कुंडीभोवती कां कोणी प्रदक्षिणा घालिते? तो लेकरू आहे, त्यास बोलूं द्या. घोटा बरा होईतो मी थांबेन. त्यापुढे मजला कोणी अडवूं नये. जमीन नीट करणे तुमचे काम."

तंजावरकडून चेन्नईला आलेल्या आमच्या घरांत मराठी अशीच जुन्या वळणाची राहिली होती, आणि मधूनमधून तमिळ शब्द तिच्यात सहज मिसळून जात. ते वृंदावन तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वतः उभे राहून विटा-चुन्यात बांधून घेतले होते. बाळंतपणांचे दिवस आणि सोयर-सुतक सोडले, तर त्याच्याभोवतीची प्रदक्षिणा तिने कधी चुकवली नव्हती. देवळात जाणे तिला गुडघ्यांमुळे जमेनासे झाल्यावर तर तेच तिचे देऊळ झाले होते. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, हे मला ठाऊक होते. आणि वेळही थोडा होता. चेन्नईचा खरा पाऊस आश्विन-कार्तिकात येतो. भूमीखालच्या त्या पोकळीत एकदा पाणी शिरले असते, तर वृंदावन बसले असते आणि त्याबरोबर तिचा कार्तिकातला नेमही.

ती पोकळी आली कोठून, हे समजायला फार विचार करावा लागला नाही. त्या वर्षांत शहराच्या विहिरी आटल्या होत्या आणि पावसाचे पाणी भूमीत मुरवण्यासाठी घरोघरी खड्डे करण्याचा सरकारी हुकूम निघाला होता. आमचा खड्डा वृंदावनाला लागूनच झाला. त्यात खडी आणि वाळू भरली, आणि भोवतीची माती सैल राहिली. नुंगंबाक्कमचा आमचा बोळही तारा टाकण्यासाठी पुनःपुन्हा उकरला जात होता. ज्यांचा निवास भूमीखाली, त्यांनी बिचाऱ्यांनी मग जावे कोठे?

वरच्या मजल्यावरच्या पोर्शनमध्ये तेव्हा साताऱ्याकडचे एक तरुण जोडपे भाड्याने राहत होते. तो अंबत्तूरला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता होता. ती घरून संगणकावर काही काम करी. आम्हांला ती दोघे काका-काकू म्हणत. त्याने रविवारी अंगणात उकिडवे बसून, नारळाच्या झावळीचे लांब हीर घालून बिळाचे तोंड तपासले. करवंटीएवढे रुंद तोंड, शेजारी ताज्या मातीचा ढीग.

"काका, उंदीर नव्हे. घूस आहे ही. चांगली बोक्याएवढी असणार."

मी सांगितले की संस्कृतात उंदराच्या नावांतच खणण्याचा अर्थ आहे. जुन्या कोशकारांनी त्याला खनकही म्हटले आहे.

"म्हणजे त्यांच्याही अंगणात होती म्हणा की," तो म्हणाला, आणि पुन्हा हीर आत सरकवू लागला.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या मामी कपडे वाळत घालीत होत्या. मामी तमिळ, आमच्याशी तमिळच बोलत. "मामा, एवढा विचार कसला करता? गोळ्या मिळतात. बिळात टाका, तोंड लिंपा, संपलं."

पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिने तिथूनच उत्तर दिले, "चतुर्थीला ज्याच्या पाठीवर देव बसविला, त्यास आतां विष घालूं? शोभेल कां मामी?"

"पिल्लैयारचं, तुमच्या गणपतीचं वाहन ना? मग पिल्लैयारच्या देवळात राहावं त्यानं. तुमच्या पायाखाली कशाला गाडी लावली?"

पत्नीला हसू आवरेना. मामींनी ओला टॉवेल झटकला आणि आमच्या अंगणात चार थेंब उडवून त्या आत गेल्या.

मला मात्र हसण्यावारी नेता येत नव्हते. हिंसा मला नको होती, आणि पत्नीचा पाय पुन्हा त्या मातीत जाणे त्याहूनही नको होते. दोन्ही साधेल असा मार्ग शोधायचा होता.

पहिला उपाय केला तो सर्वांना सुचतो तोच. विटांचे तुकडे आणि फुटक्या काचा बिळात ठोकून वर सिमेंट लिंपले. दुसऱ्या दिवशी त्याच्यापासून हातभर अंतरावर नवे तोंड उघडलेले होते आणि आमच्या काचा नीट बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. भाडेकरूने त्या ढिगाकडे पाहून कौतुकाने मान हलवली. "आमच्या कारखान्यात असा एक माणूस मिळाला तर बरं होईल."

दुसरा उपाय पाण्याचा. त्याच्या गावी शेतात बिळात पाणी सोडून घुशी बाहेर काढतात, असे तो म्हणाला. त्याने नळी जोडलीही होती. पण बोळात टँकर येऊन गेला की घागरी कोणाच्या किती भरल्या यावर जिथे भांडणे होत, तिथे हे कसे चालावे? मामींचा चेहरा भिंतीवर उगवला. "आम्हाला प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही पेरुच्चाळीला आंघोळ घालता का रे?" पेरुच्चाळी म्हणजे घूस. त्याने मुकाट्याने नळी गुंडाळली. पाण्याने वृंदावनाखालची माती आणखी वाहून गेली असती, हे आम्हांला नंतर सुचले. मामींचे आजही आभार वाटतात.

तिसरा उपाय धुराचा. सकाळी शेणी पेटवून त्यावर कडुनिंबाचा पाला आणि सुक्या मिरच्या टाकल्या, आणि सुपाने वारा घालून धूर बिळात लोटला. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग पावसाच्या खड्ड्यातून धूर निघाला. नंतर वृंदावनाच्या पायथ्याशी, दिव्याच्या कोनाड्यामागच्या फटीतून निघाला. यज्ञकुंडच वाटावे असे ते दृश्य होते. तेवढ्यात मामींच्या अंगणातून ओरडा आणि खोकला ऐकू आला. त्यांच्या कपडे धुण्याच्या दगडाखालून धूर येत होता. आणि सर्वांत शेवटी, जिथे कोणाची कल्पनाही गेली नव्हती तिथून, आमच्या स्वयंपाकघरातून, पत्नीचा आवाज आला. "अहो! ओट्याखालून धूर येतो हो! मी उठूं कसी?"

आम्ही धावत आत गेलो आणि तिला स्टुलासकट उचलून बाहेरच्या खोलीत आणले. घूस काही बाहेर आली नाही. पण भूमीखालचा सगळा नकाशा त्या धुराने आमच्यापुढे मांडला. भाडेकरूने खडूने अंगणात रेघा ओढल्या: कुंपणाखालून एक वाट, खड्ड्यापाशी तिला फुटलेला फाटा, वृंदावनाखाली रुंद खोली, आणि तिथून थेट घराच्या पायाखाली.

मामींनी भिंतीवरून वाकून त्या रेघा न्याहाळल्या. मग म्हणाल्या, "मामा, गोळ्या नकोत. मिरचीचा धूर जिथून आला, तिथूनच गोळ्यांचा विषारी वायू आला असता. तुमच्या बायकोच्या पायाशी." त्या दिवसापासून विषाचे नाव निघाले नाही.

उरला पिंजरा. बाजारातून मोठा जाळीचा पिंजरा आणला. आमिष कोणते, यावर मात्र वाद झाला. भाडेकरूच्या मते सुक्या मासळीसारखे दुसरे काही नाही. चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली ढिगांनी मिळते, येताना घेऊन येतो, म्हणाला. पत्नीने कानांवर हात ठेवले. "तुळशीपाशी? शिव शिव! पोदुम, पोदुम! पुरे!" मामी म्हणाल्या, या गावातल्या उंदरांना मसालवडाच लागतो. मसालवड्यात कांदा, आणि तो चातुर्मास. शेवटी पत्नीने बसल्या बसल्या बिनकांद्याचे वडे तळवून घेतले. पिंजऱ्यात एक गेला. उरलेले भाडेकरूच्या पोटात गेले.

वडा सुकला. दुसरा ठेवला, तोही सुकला. विस्तवावर भाजलेला खोबऱ्याचा तुकडा लावला, त्यावर मुंग्या लागल्या. दिवस चालले होते, घोट्याची सूज उतरत होती, आणि पत्नी आता काठी घेऊन मागच्या दारापर्यंत येऊन उभी राहू लागली होती. उंबऱ्याच्या आत थांबून वृंदावनाकडे हात जोडी. वृंदावन खड्ड्याच्या बाजूला किंचित कलले होते. ते तिच्याही लक्षात आले असणार.

आता माझ्या नित्यकर्माबद्दल सांगणे भाग आहे. जेवणापूर्वी शिजलेल्या अन्नाचा एक भाग बलि म्हणून इतर जीवांसाठी भूमीवर ठेवण्याचा नियम आमच्या घरात वडिलांपासून चालत आला होता. कावळ्यांसाठी, कुत्र्यांसाठी, मुंग्यांसाठी, आणि ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत अशा सर्व जीवांसाठी. अंगणात त्यासाठी एक सपाट दगड होता. त्यावर भाताचे मुटके ठेवायचे, पाणी फिरवायचे आणि परत यायचे. वडिलांचे सांगणे असे की एकदा ठेवलेले अन्न पुन्हा उचलायचे नाही आणि कोणी खाल्ले हे पाहायला वळायचेही नाही. दान दिल्यावर पाहत राहिले तर तो हिशेब झाला. म्हणून मी कधी वळलो नाही. इतक्या वर्षांत दगड सकाळी रिकामा सापडे, एवढेच ठाऊक.

एका संध्याकाळी वरची सूनबाई (भाडेकरूच्या बायकोला आम्ही तसेच म्हणत असू) माझ्या खोलीच्या दाराशी येऊन घुटमळली.

"काका, एक सांगू का? काकूंनी सांगू नको म्हटलंय."

"मग सांगू नये," मी म्हटले.

"नाही, पण सांगायलाच हवं." तिने पदर नसलेला खांदा सावरला. "ती घूस रोज दिवेलागणीला येते. भिंतीच्या कडेकडेनं. तुमच्या दगडावरचा भात खाते, थोडा तोंडात धरून नेते. पिंजरा वाटेतच आहे, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. पोट भरलेलं असतं ना! काकू खिडकीतून कितीतरी दिवस बघतायत. आज मीही पाहिलं. तर म्हणाल्या, ह्यांना कळता कामा नये."

मी संध्या आटोपून पत्नीजवळ जाऊन बसलो. ती वाती वळत होती.

"तू पाहिलेस?"

तिने कोणी सांगितले ते विचारले नाही. "पाहिले."

"मग बोलली का नाहीस? मी वडे ठेवतो, खोबरे ठेवतो, आणि तू गप्प?"

"काय बोलूं? बलि ठेवूं नका म्हणूं? तुमच्या वडिलांनी घालून दिलेले, तुम्ही तापातही मोडिले नाही. माझ्या प्रदक्षिणेपायी तुमचा नेम मोडायचा, आणि मग त्या प्रदक्षिणेस अर्थ काय उरला?" हातातली वात तिने ताटलीत ठेवली. "मी गॅलरीतल्या कुंडीस नमस्कार करीन हो. ती ही तुळसच."

कुंडीभोवती कोणी प्रदक्षिणा घालते का, असे विचारणारी तीच होती. इतक्या दिवसांत तिने खिडकीत बसून मनाशी हा निर्णय करून ठेवला होता आणि मला त्याचा वाराही लागू दिला नव्हता.

ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशा जीवांसाठी मी अन्न ठेवीत होतो, आणि त्यांतल्याच एकीने ते खाल्ले. तिने चोरी केली नव्हती. ज्याच्यासाठी दान होते त्यालाच ते पोचले होते. म्हणून बलि बंद करणे मला योग्य वाटेना. पण पाहुण्याला जेवू घालणे हा धर्म असला, तरी पान कोठे मांडायचे हे यजमानाने ठरवायचे असते. घरातल्या माणसाच्या पायाखालची भूमी खचत असेल, तर पान दुसरीकडे मांडावे.

"उद्यापासून बलि गच्चीवर ठेवीन," मी म्हटले.

"आणि गुडघे?"

"गुडघे माझे आहेत."

"पायऱ्या उंच आहेत हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सावकाश चढा म्हणजे झाले."

गच्चीवर कावळ्यांना तो बदल फारच रुचला. कुत्र्याचा भाग मी फाटकाशी जाऊन हाताने घालू लागलो. अंगणातला दगड धुऊन पालथा केला. पहिला दिवस गेला, दुसराही. नंतर एका सकाळी भाडेकरू जिन्यावरूनच ओरडला, "काका, पाहुण्या आल्या!" भाजलेल्या खोबऱ्याला भुलून ती पिंजऱ्यात आली होती. राखाडी, राठ केसांची, केवढी थोरली! तोंडाने फुत्कारत होती आणि जाळीला धडका देत होती. पत्नीने खिडकीतूनच तिला हात जोडले. मामींनी भिंतीवरून पाहून घेतले आणि म्हणाल्या, "हिला देवळात सोडू नका. पिल्लैयार चालत जाईल, पण हिच्यावर बसणार नाही."

कोवलमच्या पलीकडे, कोळ्यांच्या वस्तीपासून दूर, सुरूच्या बनात तिला सोडायचे असे ठरले. तिने कोळ्यांची जाळी कुरतडू नयेत म्हणून तिथे होड्या जवळ नसाव्यात, एवढे मी पाहून घेतले. भाडेकरूने त्या दिवशी रजा घेतली. पिंजऱ्यावर माझे जुने धोतर पांघरून आम्ही बसमध्ये बसलो. वळणावळणाला आतून फुत्कार येत होता. कंडक्टरने धोतराकडे पाहिले, मग माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिले. "सामी, आत काय आहे?"

मी खरे ते सांगितले. तो दोन पावले मागे सरला. मग म्हणाला, "देवाचं वाहन असलं तरी माझ्या वाहनात बसलंय ना? त्याचंही तिकीट काढा." सगळी बस हसली. मागच्या बाकावरच्या टोपलीवाल्या कोळिणी तर पुढे येऊन धोतर उचलून पाहू लागल्या. बनात पिंजऱ्याचे दार उघडले, तेव्हा ती क्षणभर तिथेच बसून राहिली आणि मग वाळूवरून तिरकी धावत दिसेनाशी झाली. असे फेरे आम्हांला आणखीही करावे लागले, कारण मागे तिचा परिवार होता. दर खेपेस कंडक्टर ओळखीचे हसे.

अंगण निःसंशय रिकामे झाल्यावर गवंडी बोलावून खडूच्या रेघांवरून भूमी उकरली. वृंदावनाखाली एक गोल खोली निघाली. तिच्यात भाताचा वाळलेला साठा होता, नारळाच्या शेंड्या होत्या, आणि मधोमध कापसाचे मऊ अंथरूण. काठी टेकत दारापर्यंत आलेल्या पत्नीने ते नीट पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. "अग बाई! ह्या माझ्या वाती! तुळशीपाशी लावलेल्या. नाहीशा झाल्या की मी कावळ्यास शिव्या देत होते." तुपात भिजवलेल्या त्या वातींवर घुशीने आपली पिले वाढवली होती. मग मात्र आम्ही दोघेही इतके हसलो की गवंडी काम थांबवून आमच्याकडे पाहत राहिला.

बिळाच्या वाटा खडी, विटांचा चुरा आणि वाळू भरून धुम्मसाने ठोकल्या. पावसाच्या खड्ड्यावर आणि मोरीच्या तोंडावर जाड तारेची जाळी बसवली. वृंदावनाचा पाया सरळ केला आणि भोवती कडप्पा फरशी घातली. भात आता अंगणात पडत नव्हता, वाती तिन्हीसांजेनंतर पत्नी उचलून घेई. त्यानंतर तिथे नवे बीळ दिसले नाही.

ते घर आता राहिले नाही. त्या जागी मोठी इमारत आहे, आणि मी बेंगळुरूच्या एका उपनगरात मुलाजवळ असतो. पत्नीलाही जाऊन काही वर्षे झाली. पण कार्तिक आला की मला त्या वर्षीचा कार्तिक आठवतो. पाऊस आठवडाभर कोसळला होता. एका सकाळी तो थांबला तशी ती स्नान करून, ओल्या केसांना गाठ मारून मागच्या दारात आली. मुलाने फोनवर पुष्कळ सांगितले होते. तिने त्याला एवढेच म्हटले, "तुझ्या बाबांनी जमीन पाहिली आहे."

मी तिच्या आधी अंगणात उतरलो आणि काठीने एकेक फरशी ठोकीत पुढे पुढे चाललो. आवाज भरीव येतो की पोकळ, ते ऐकत होतो. ती मागून येत होती. अर्धी फेरी झाली आणि ती थांबली.

"अहो, बाजूस व्हा की. देवास वाटेल तुम्हीच प्रदक्षिणा घालिता."

मी बाजूला झालो. जिथे तिचा पाय खचला होता, त्या फरशीवर येऊन तिने टाच नीट टेकवली, भार टाकला, क्षणभर थांबली, आणि माझ्याकडे न पाहता पुढे चालू लागली. ओठांत तिचे नामस्मरण सुरू झाले होते. मी काठी भिंतीला टेकवली आणि बलीचे ताट घेऊन, एकेक पायरी जपून, गच्चीवर चढलो.